लक्ष्मी रोडवर एक दिवस चाललो, पुढे काय?

खतावणी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात पेठेतल्या चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते. साड्यांचं एक, भांड्यांचं एक, शिवणाच्या सामानाचं एक आणि तुळशीबागेतले दोन गाळे. परवा साडीवाल्या काकांशी वाद झाला. विषय जुनाच, पादचारी दिन. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पहिल्यांदा लक्ष्मी रोडचा एक टप्पा दिवसभर गाड्यांना बंद ठेवला आणि पुढेही हा दिवस पाळला गेला. काकांचं म्हणणं, "माणसं चिक्कार, पण सगळी हात मागे बांधून. गर्दी रस्त्यावर, दुकानात माशा." शिवणसामानवाल्या काकूंचं नेमकं उलट. त्या दिवशी दुपारीच त्यांच्या गल्ल्यातली सुट्टी नाणी संपली होती. दोघांच्याही वह्या माझ्याकडे असतात, म्हणून सांगते, दोघंही खरं बोलतायत.

लग्नाचा बस्ता बांधायला हडपसरहून सात माणसं आणि एक आजी येते. ती येते गाडीने, जाताना चार पिशव्या असतात. रस्ता बंद म्हटलं की ती मंडळी तो दिवस टाळतात, खरेदी टाळत नाहीत. बटणं, लेस, अस्तर घेणारं गिऱ्हाईक चालतच येतं, आणि रस्ता मोकळा मिळाला की दोन दुकानं जास्त हिंडतं. मग एका दिवसाच्या गल्ल्यावरून "धंदा बुडतो" किंवा "धंदा वाढतो" हे ठरवायचं कसं?

अजून एक आठवलं. २०२० च्या उन्हाळ्यानंतर दुकानं उघडायला परवानगी मिळाली ती पी-१, पी-२ वर, म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगसारखी. आज या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. म्हणजे दुकान कधी उघडायचं हेसुद्धा आपल्या गावात पार्किंगच्या पाटीवरून ठरलं! तेव्हा काका रोज सकाळी फोन करून विचारायचे, "आज आपण सम का विषम?"

माझा प्रश्न असा. कोविडनंतर बाजार उभा करण्यासाठी, लोकांनी गाड्या कमी वापराव्यात म्हणून आणि बांधकामाचे नियम बदलण्यासाठी बरंच काही जाहीर झालं. यातलं पेठेतल्या दुकानापर्यंत काय पोचलं? जाणकारांनी लिहावं.

बाजीराव_नव्हे | सोमवार, रात्री १०.०५

पहिलाच धागा आणि थेट पार्किंग! ताई, तुम्ही शूर आहात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नकाशेवाला | सोमवार, रात्री ११.३०

खतावणीताई, मी एका महापालिकेत आरेखक होतो, आता निवृत्त. पुण्यातली नाही, पण नियम सगळीकडे तेच.

कोविडनंतर अर्थचक्र फिरवायचं म्हटल्यावर सरकारने पहिला हात घातला तो घरबांधणीला. मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० तीन टक्के सूट, पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामाच्या अधिमूल्यात, म्हणजे जादा बांधकामासाठी बिल्डरने भरायच्या पैशात, निम्मी सवलत, वर्षअखेरपर्यंत. अट एवढीच की बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं. आणि या दोन्हींच्या मध्ये, डिसेंबर २०२० ला, एकत्रित विकास नियमावली आली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर साऱ्या राज्याला एकच पुस्तक. आधी प्रत्येक शहराचं वेगळं असायचं. सोलापुरात चालणारा जिना सांगलीत अडायचा.

पुस्तक वाईट नाही, उलट काही गोष्टी फार चांगल्या आहेत. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला वेगळी परवानगी लागत नाही, नकाशा आणि शुल्क जमा केल्याची पोचपावती हीच परवानगी. तीनशेपर्यंत दहा दिवसांत. दीड गुंठ्यावर घर बांधणाऱ्याने पूर्वी किती चपला झिजवल्यात ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. एक शिक्षक होते, बाल्कनीच्या नऊ इंचांसाठी आमच्याकडे पावणेदोन वर्षं येत होते. शेवटी शेवटी मीच त्यांना चहा पाजायचो.

पण बाजाराला यातून काय, हा तुमचा प्रश्न. थेट काही नाही. इमारती उठल्या की सिमेंट, फरशी, रंग, सुतार सगळे हलतात, त्यांच्या घरची बाई लक्ष्मी रोडला येते, असा तो हिशेब. शिवाय बांधकाम परवानगीचं शुल्क हा महापालिकेच्या तिजोरीचा मोठा आधार, म्हणून घाई होती. त्याच वर्षी पुण्यात ३२३ रस्ते सहा मीटरचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता, आठवतंय का? तो वाहतुकीसाठी वाटतो, पण गोम वेगळी आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. कागदावर रस्ता नऊचा झाला की इमारत उंच करता येते.

गाडीतूनच | मंगळवार, सकाळी ८.१५

नकाशेवाले काका, मग रस्ता रुंद होतोय ना? वाईट काय त्यात?

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी १०.५०

रुंद होतो, पण दात पडलेल्या कवळीसारखा. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडायची, तीही इमारत पाडून नवी बांधताना. आज तुमची सोसायटी मागे सरकली, शेजारची वीस वर्षांनी सरकणार. मधल्या काळात त्या खाचेत काय होतं? चारचाकी उभी राहते. रस्ता सहाचा तो सहाचाच, आणि आधी कंपाउंडच्या आत असलेलं आंब्याचं झाड गेलेलं असतं. पुण्यातल्या नागरिकांनी विरोध केला तो काही हौसेने नव्हता.

हातगाडी७० | मंगळवार, दुपारी १.२०

बिल्डरला अधिमूल्यात निम्मी सूट, आणि फेरीवाल्याला दहा हजार. कर्ज हं, मदत नव्हे!

मी फळविक्रेत्याचा मुलगा. जून २०२० ला फेरीवाल्यांसाठी केंद्राची स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिलं कर्ज दहा हजार होतं, ते फेडलं की वीस, मग पन्नास. व्याजावर सात टक्के अनुदान. आमच्या वडिलांना त्या दहा हजारांचा खरंच उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. तोपर्यंत सावकाराकडून सकाळी घ्यायचं आणि रात्री द्यायचं असं चालायचं. बँकेचा माणूस स्वतः गाडीपाशी आला हेच त्यांना मोठं वाटलं. पेरू देऊन पाठवलं त्याला.

पण कर्ज देताना ज्या गाडीला मान, तीच गाडी चार महिन्यांनी अतिक्रमणवाल्यांनी उचलली. एका हाताने भांडवल द्यायचं, दुसऱ्या हाताने वजनकाटा न्यायचा. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, सर्वेक्षण आहे, जागा ठरवून देणं आहे. जागा ठरलेली असती तर पादचाऱ्यांना चालता आलं असतं आणि आम्हालाही उभं राहता आलं असतं. पदपथावर चालणारा माणूस हेच आमचं गिऱ्हाईक. गाडीतला माणूस काच खाली करून भाव विचारतो आणि मागून हॉर्न वाजला की पळतो.

खतावणी | मंगळवार, दुपारी २.००

शेवटचं वाक्य काकांना वाचून दाखवलं. "हा मुलगा हुशार आहे," म्हणाले, आणि लगेच "पण पार्किंग पाहिजेच."

गाडीतूनच | मंगळवार, रात्री ८.४५

मी इथला खलनायक होणार हे दिसतंय, तरी लिहितो. राहतो सिंहगड रोडला. आई ८१ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. तिला वर्षातून तीनदा तुळशीबागेत जायचं असतं, म्हणजे असतंच. चैत्रगौरीला, श्रावणाच्या आधी आणि दिवाळीला. घेते काय? फुलवाती, कुंकू आणि एक पितळी काहीतरी. गाडी नदीपात्रात लावली तर तिला चालवत नाही. रिक्षावाला आत यायला तयार नसतो. मेट्रोने एकदा नेलं, मंडई स्टेशन झकास आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण वर आल्यावर पुढे काय? पदपथ एक वीत उंच, त्यावर दुचाक्या, खाली उतरावं तर रिक्षा अंगावर. शंभर पावलांत ती तीन वेळा थांबली. बसायला एक कट्टा नाही. पादचारी दिनाला मात्र गालिचे आणि फुगे. चालायला सांगणारे सगळे तिशीतले असतात.

कंडक्टरची_मुलगी | मंगळवार, रात्री १०.१०

गाडीतूनच, तुम्ही अजिबात खलनायक नाही. तुम्ही जे लिहिलंत तीच खरी पादचाऱ्याची तक्रार आहे, फक्त तुमचं नाव चुकलंय.

बाबा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बसमध्ये होते, २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपी झाली तेव्हाही नोकरीत होते. तेव्हापासून घरात एकच विषय, तूट. ही तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीस अशी वाटून घेतात. पुलाला होतो तो खर्च आणि बसला होते ती तूट, हे बाबांचं ठरलेलं वाक्य, जेवताना.

२०२० ला मार्चमध्ये बस बंद झाली ती सुरू झाली ३ सप्टेंबरला. दुकानं त्याआधीच उघडली होती. मग दुकानात काम करणाऱ्या मुली कशा येत होत्या? माझी मैत्रीण धायरीहून यायची. भावाने मागे बसवून आणलं महिनाभर, नंतर हप्त्यावर जुनी स्कूटी घेतली. बस सुरू झाली तरी ती परत बसला गेली नाही. तिच्यासारख्या हजारो असतील. गेलेला प्रवासी असा जातो.

२०२१ ला पेठांसाठी पुण्यदशम ही बस आली, दहा रुपयांत दिवसभर. माझी आई त्यात नुसती हिंडून आली होती. आणि १ जून २०२५ ला काय झालं? पाचचं किमान तिकीट दहा, चाळीसचा दिवसाचा पास सत्तर, नऊशेचा मासिक पंधराशे. तेल, पगार, गॅस सगळं वाढलं हे मान्य. पण दुकानातल्या मुलीच्या पगारातून पंधराशे काढून बघा एकदा.

नाशिककर_थंडीवाला | बुधवार, सकाळी ७.३०

आमच्याकडे २०२१ ला महापालिकेने एसटीकडून शहर बस स्वतःकडे घेतली, सिटीलिंक. गाड्या छान, ॲप छान, मार्ग बरे. मध्येच कंडक्टर संपावर, कारण ठेकेदाराने पगार थकवलेला. तेव्हा नवी बस दिसली की आधी कंडक्टर हसतोय का बघतो.

बाजीराव_नव्हे | बुधवार, सकाळी ९.००

आणि सायकल? २०१७ मध्ये आपल्या महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला होता. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, नंतर त्यातल्या काही मी मुठेत पाहिल्या. सायकलींचं शहर म्हणून मिरवणारे आपण!

थेम्सकाठी | बुधवार, दुपारी ३.४० (तिकडची सकाळ)

लंडनच्या उत्तर-पूर्वेला वॉल्थम फॉरेस्टमध्ये राहतो, म्हणून लिहितो. "तिकडे कसं सगळं छान" असा हा प्रतिसाद नाही.

आमच्या भागाला २०१४ मध्ये सायकल आणि चालण्यासाठीच्या मिनी-हॉलंड नावाच्या योजनेतून पैसे मिळाले. तीन बरोंना (लंडनच्या स्थानिक पालिकांना) मिळून दहा कोटी पौंड. त्यातून ऑर्फर्ड रोड नावाचा छोटा बाजाररस्ता दिवसा गाड्यांना बंद केला. सायकली आणि एक बस तेवढी चालते. तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी काय करावं? शवपेटी घेऊन निदर्शनं! बाजार मेला म्हणून. आज त्या रस्त्यावर शनिवारी कॉफीला जागा मिळत नाही. पण खतावणीताईंचा मुद्दा इथेही लागू आहे. कॉफी खपते, जुनं हार्डवेअरचं दुकान टिकेलच असं नाही. रस्ता सुधारला की भाडी वाढतात, हे कोणी बोलत नाही.

२०२० ला इथेही तीच तिहेरी गडबड. सायकल आणि चालण्यासाठी पंचवीस कोटी पौंडांचा तातडीचा निधी जाहीर. हॉटेलांना पदपथावर टेबलं मांडायला झटपट परवाना, शुल्क जास्तीत जास्त १०० पौंड. आणि ऑगस्टमध्ये नियोजनाचा कायदाच बदलायचा आराखडा, सगळी जमीन तीन प्रकारांत विभागायची असा. पहिल्यातून घाईघाईने कुंड्या ठेवून रस्ते बंद केले, त्यातले बरेच बोंबाबोंब झाल्यावर काढले. तिसरा पुढच्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांना फटका बसल्यावर गुंडाळला. टिकला कोणता? टेबलांचा परवाना! सगळ्यात लहान, सगळ्यात कंटाळवाणा, त्यावर कोणी भाषण केलं नाही. २०२३ मध्ये तो कायमचा झाला, शुल्काची मर्यादा मात्र वाढवून.

गाडीतूनच | बुधवार, सायंकाळी ६.२०

टेबलं पदपथावर? मग चालायचं कुठून? आमच्याकडे त्याला परवाना लागत नाही, नुसतीच मांडतात.

थेम्सकाठी | बुधवार, सायंकाळी ७.०५

परवान्यात चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट मोकळी ठेवायची अट असते. नाही ठेवली तर परवाना जातो. तुमच्या आईंचा मुद्दाच तिथे कायद्यात लिहिलाय.

संपादक | बुधवार, रात्री ९.००

पक्षीय राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मार्च २०२२ नंतर नगरसेवक नव्हते की आधी होते तेव्हा बरे होते, हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्यावा.

खतावणी | गुरुवार, रात्री १०.३०

कंडक्टरची_मुलगी यांचा प्रतिसाद वाचल्यापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. आज मुद्दाम लवकर गेले. साडेदहाला. काकांचं दुकान नुकतंच उघडत होतं, गाद्यांवर पांढऱ्या चादरी घालणं चालू होतं, गिऱ्हाईक एकही नाही. आणि दुकानासमोरची दुचाक्यांची रांग? भरलेली. एक बोट घालायला जागा नाही.

मी दारात उभी राहिले आणि एकेक गाडी कोणाची ते विचारत गेले. काउंटरवरच्या तिघी, घड्या घालणारा मुलगा, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले दोघं, वरच्या मजल्यावरचे शिंपी, समोरच्या सराफाचा रखवालदार. कोपऱ्यातली एक धूळ खात पडलेली, ती कोणाचीच नाही. आणि अगदी दारासमोरची, सावलीतली? काकांची.

काकांना बोलावून दाखवलं. बराच वेळ गाड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईकाची जागा मीच अडवतो होय?" मग स्वतःची गाडी काढली आणि समोर लावायला गेले. समोर विषम तारीख होती. परत आणून तिथेच लावली.

आता माझं मत, कोणाला पटो न पटो. बाजाराचा प्रश्न आपण गिऱ्हाईकाच्या गाडीवरून भांडतोय, आणि जागा खातोय ती दिवसभर उभी राहणारी कामाच्या माणसांची दुचाकी. तिचा दोष नाही, तिला रात्री नऊनंतर धायरीला जायला भरवशाची बस नाही. ती बस मिळाली तर हडपसरच्या आजीची गाडी दहा मिनिटं तरी दारात थांबू शकेल. म्हणजे पीएमपीची "तूट" ही खरं तर लक्ष्मी रोडच्या व्यापाऱ्यांच्या फायद्याची. पण बससाठी कोणता व्यापारी कधी मोर्चा घेऊन गेलाय?

नकाशेवाला | गुरुवार, रात्री ११.१५

ताई, हे आमच्या खात्यात कोणी केलं असतं तर त्याला सर्वेक्षण म्हणून सल्लागाराला पैसे दिले असते.

याच कारणासाठी पैसे घेऊन पार्किंगचं धोरण हवं होतं. दिवसभर उभ्या गाडीला जास्त, अर्ध्या तासाला कमी. पुण्यात ते मार्च २०१८ ला मंजूर झालं, तेही पाच रस्त्यांपुरतं, आणि फायलीत जाऊन बसलं. मेट्रोच्या स्टेशनाभोवती पाचशे मीटरमध्ये चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, द्यायचा नियम मात्र पुस्तकात व्यवस्थित आहे. त्या पाचशे मीटरमध्ये माणूस चालणार कशावरून, हे दुसऱ्या खात्याचं काम. त्या दोन खात्यांची टेबलं एकाच मजल्यावर असतात, पण चहाच्या वेळा वेगळ्या.

हातगाडी७० | शुक्रवार, दुपारी १२.१०

बस उशिरापर्यंत असेल तर आमचाही धंदा अर्धा तास वाढेल. पण नुसत्या चर्चेने काय होणार?

कंडक्टरची_मुलगी | शुक्रवार, दुपारी १.४०

बसचं मोठं काम, ते चालू ठेवू. लहान काम लगेच होण्यासारखं आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. २००६ पासून चालू आहे, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. एका कामाला पाच लाखांपर्यंत. पदपथ, दिवा, बाक, बसथांबा असली कामं बसतात त्यात. दरवर्षी ठरावीक मुदत असते, ती हुकली की वर्ष गेलं. मी एकदा आमच्या थांब्याला पत्रा मागितला होता. दुसऱ्या वर्षी आला, आणि आला तो उलट्या बाजूला उतार करून. पण आला.

मंडई स्टेशनपासून तुळशीबागेपर्यंत एक उतार आणि दोन बाकं, एवढाच अर्ज मी लिहिते. खतावणीताई, काकांची सही आणाल का? व्यापाऱ्याची सही असली की वजन पडतं.

खतावणी | शुक्रवार, दुपारी २.३०

आणते. काका विचारतायत बाक दुकानासमोर येईल का. गाडीची जागा जाईल म्हणून विचारतायत का गिऱ्हाईक टेकेल म्हणून, ते मला कळलेलं नाही.

गाडीतूनच | शुक्रवार, रात्री ९.२०

माझी सही घ्या, आईची पण घ्या. आणि अर्जात एक लिहा, बाकाला पाठ असू दे. नुसत्या दगडी पट्टीवरून तिला एकटीला उठता येत नाही.